'पास' लिहिलंय, पण कोणत्या टेस्टमध्ये?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत नवजात बाळाच्या तपासण्यांवर लेख आला होता, त्यात कानाच्या टेस्टबद्दल चार ओळी होत्या, की बाळाच्या कानात छोटा प्रोब लावतात, दोन मिनिटात रिझल्ट येतो आणि पास आलं की आईवडिलांनी काळजी सोडायची. लेख चांगल्या मनाने लिहिलाय, आणि मुळात अशी टेस्ट असते हेच कितीतरी घरांत माहीत नसतं, त्यामुळे छापलात ते बरंच केलंत. पण ते काळजी सोडायचं वाक्य वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण अशाच एका 'पास'च्या कागदावर विश्वास ठेवून आम्ही १४ महिने घालवलेत. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, काटछाट करायची असेल तर आमच्या घरची हकीकत कापा पण टेस्टांचा भाग तेवढा ठेवा.

माझी मुलगी ३३ व्या आठवड्यात झाली. १९ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती, कावीळ इतकी चढली की निळ्या दिव्याखाली ठेवूनही उतरेना, शेवटी रक्त बदलावं लागलं. ते दिवस कसे गेले ते लिहीत बसत नाही. डिस्चार्ज मिळाला तेव्हा फाइलमध्ये बाकीच्या रिपोर्टांबरोबर एक कागद होता, वर 'हिअरिंग स्क्रीनिंग' आणि खाली डावा कान पास, उजवा कान पास. इतक्या वाईट बातम्यांनंतर ती एक चांगली बातमी होती म्हणून मी तो कागद वेगळा काढून प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून ठेवला.

घरी आल्यावर दार आपटलं की ती दचकायची. हाक मारली की कधी बघायची कधी अजिबात नाही. तोंडाने आवाज काढायची, हसायची. सगळे म्हणायचे आठव्या महिन्यातलं बाळ आहे, सगळंच थोडं उशिरा होणार, आणि ते काही चूकही नव्हतं. बायकोला नवव्या महिन्यात पहिल्यांदा शंका आली, ती म्हणाली हिला माझा आवाज कळत नाहीये, आणि मी काय केलं तर तिला तो कव्हरमधला कागद काढून दाखवला. एकदा नाही, तीन-चारदा. डॉक्टरांनीही तो कागद बघितला आणि म्हणाले टेस्ट पास आहे, थोडं थांबू. तिची शंका बरोबर होती आणि मी तिला कागद दाखवून गप्प केलं, हे मला आजही सलतं.

शेवटी १४ व्या महिन्यात एका ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या करणाऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. मी नेहमीप्रमाणे कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, ही टेस्ट कोणती होती, ओएई की बेरा? मी म्हटलं कानाची. त्या म्हणाल्या कानाच्या टेस्टा बऱ्याच असतात, प्रत्येक टेस्ट वेगळी जागा तपासते. हा प्रश्न आम्हाला १४ महिन्यांत कुणीही विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. माझं सगळं पत्र या एका प्रश्नासाठी आहे.

आता मला जे समजलंय ते साध्या भाषेत सांगतो, मी डॉक्टर नाही पण निदानापासूनची सगळी वर्षं या एकाच गोष्टीत घालवलीत आणि खाली लिहिलेलं सगळं या कामातल्या लोकांकडून पुन्हा पुन्हा विचारून पक्कं केलंय.

आवाजाचा रस्ता लांब असतो. कानाचं भोक, मग पडदा, पडद्यामागे ३ छोटी हाडं, मग शंखासारखी गुंडाळलेली कॉक्लिया, तिच्यात केसासारखी टोकं असलेल्या पेशी, तिथून पुढे नस, नसेतून मेंदूचा खालचा भाग, आणि मग वरचा मेंदू जिथे आवाजाचा अर्थ लागतो. यातली कुठलीही एक जागा बंद पडली तरी ऐकण्यात अडचण येते. आणि बाळ काही सांगू शकत नाही, म्हणून प्रत्येक टेस्ट या रस्त्याच्या एका ठरावीक टप्प्यावर उभी राहून बघते की आवाज इथपर्यंत पोचला का. त्या टप्प्याच्या पुढे काय झालं ते तिला दिसत नाही.

ओएई म्हणजे तीच दोन मिनिटांची टेस्ट. कॉक्लियामध्ये दोन प्रकारच्या पेशी असतात, आतल्या आणि बाहेरच्या. आतल्या पेशी नसेला आवाज पोचवतात. बाहेरच्या आवाज आल्यावर स्वतः हलतात आणि त्या हलण्यातून अगदी बारीक आवाज तयार होऊन उलटा बाहेर येतो, म्हणजे कान नुसता ऐकत नाही तर आवाज करतोही! डेव्हिड केम्प नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ साली लंडनमध्ये हे दाखवलं तेव्हा बऱ्याच जणांना पटेना. प्रोबमध्ये छोटा स्पीकर आणि छोटा माइक असतो, स्पीकर टिकटिक करतो आणि माइक तो परत आलेला आवाज पकडतो. बाळाला काही टोचत नाही, दुखत नाही, झोपलं असेल किंवा नुसतं शांत असेल तरी चालतं. खरोखर सुंदर टेस्ट आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ती काय सांगते, तर बाहेरच्या पेशींपर्यंतचा रस्ता ठीक आहे. बस. आतल्या पेशी, नस, मेंदू यांच्याबद्दल ती एक अक्षर सांगत नाही.

आमच्या मुलीचं नेमकं तिथेच होतं. कावीळ खूप चढली की बिलिरुबिन नावाचा तो पिवळा घटक मेंदूच्या खालच्या भागात ऐकण्याच्या केंद्रांमध्ये जाऊन बसतो, आणि कॉक्लियाच्या बाहेरच्या पेशी मात्र धडधाकट राहतात. म्हणजे ज्या बाळाला सगळ्यात जास्त धोका त्याचीच ओएई छान पास होऊ शकते. बाहेरच्या पेशी ठीक पण आवाज पुढे नीट जात नाही, याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. हे नाव डॉक्टरांच्या लिखाणात १९९६ सालापासून आहे, म्हणजे फार नवीन किंवा कुणाला माहीत नाही अशातली गोष्ट नाही.

यासाठी दुसरी टेस्ट असते, तिला आपल्याकडे सगळे बेरा म्हणतात, काही ठिकाणी एबीआर लिहितात, एकच आहे. कपाळावर आणि कानामागे छोटे चिकटपट्टीसारखे इलेक्ट्रोड लावतात, कानात टिकटिक सोडतात आणि नसेतून मेंदूच्या खालच्या भागात जाणारी वीज मोजतात. ती वीज इतकी बारीक असते की एका टिकेला काहीच दिसत नाही, मेंदूची बाकीची वीज तिच्या कितीतरी पट मोठी, म्हणून हजारो वेळा टिकटिक करून सरासरी काढतात तेव्हा हळूहळू रेषेवर लाटा उमटतात. जेवेट आणि विलिस्टन यांनी १९७१ साली या लाटांचं नीट वर्णन केलं, त्यांना रोमन आकड्यांनी ओळखतात, १ ते ५ महत्त्वाच्या, आणि त्यातली पाचवी सगळ्यात भरवशाची. आवाज कमी कमी करत नेतात आणि पाचवी लाट कुठपर्यंत टिकते ते बघतात. सगळा प्रकार आवाजानंतरच्या १० मिलिसेकंदांच्या आसपास संपतो.

आमच्या मुलीची बेरा झाली तेव्हा मी बाजूलाच बसलो होतो. बाईंनी आधी ओएई केली, १४ महिन्यांची असतानाही ती दोन्ही कानात पास. मग बेरा लावली आणि स्क्रीनवर लाटाच नाहीत. मोठ्यात मोठ्या आवाजालाही नाहीत. फक्त रेषेच्या अगदी सुरुवातीला बारीक थरथर होती, त्यांनी टिकटिकीची दिशा उलटी केली तर थरथरही उलटी झाली. त्या म्हणाल्या ही थरथर कॉक्लियाची आहे, नसेची नाही. म्हणजे आवाज कॉक्लियापर्यंत येतोय, पुढे नीट जात नाहीये. माझ्या कव्हरमधला कागद खोटा नव्हता, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

आणि या बाबतीत नियम नाहीत असं नाही. अमेरिकेत या विषयावर एक संयुक्त समिती आहे, १९६९ पासून, तिने २००७ सालीच सांगितलंय की जी बाळं ५ दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत राहिली त्यांची बेरानेच तपासणी करा, नुसती ओएई चालणार नाही. इंग्लंडमध्ये ४८ तासांपेक्षा जास्त अशा विभागात राहिलेल्या बाळाच्या दोन्ही टेस्टा करतात. आमची १९ दिवस होती. त्या ठिकाणचं नाव मी घेत नाही, त्यांनी तिचा जीव वाचवला हेही तितकंच खरं आहे आणि त्या १९ दिवसांसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन, पण कागदावर फक्त 'पास' न लिहिता 'ओएई पास, बेरा केलेली नाही' एवढे पाच शब्द असते तर नवव्या महिन्यात बायकोशी वाद न घालता मी गाडी काढली असती.

दुसरी एक चूक पुढे होता होता टळली. बेराच्या सपाट रेषा बघून एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आलं की मुलीला शून्य ऐकू येतं. बाकीच्या मुलांच्या बाबतीत बेरावरून किती ऐकू येतं याचा बऱ्यापैकी अंदाज लागतो, पण न्यूरोपॅथीत लागत नाही. लाटा दिसायला हजारो तंतूंनी एकाच क्षणी, एका तालात वीज सोडावी लागते, ताल बिघडला की लाटा पुसल्या जातात, मग आवाज थोडाफार पोचत असला तरी रेषा सपाट. म्हणूनच ती कधी दचकायची, कधी बघायची. शिवाय कावीळ किंवा अपुऱ्या दिवसांमुळे झालेलं असेल तर काही बाळांमध्ये पहिल्या वर्षा-दीड वर्षात आपोआप सुधारणाही होते, त्यामुळे टेस्ट पुन्हा पुन्हा करत राहावी लागते, घाईने कुठलाच शिक्का मारायचा नाही.

मग किती ऐकू येतं ते कळणार कसं? तर मुलाला स्वतःला विचारून. सहा महिन्यांच्या पुढे मूल मान धरून बसायला लागलं की एक टेस्ट करता येते, व्हीआरए म्हणतात. शांत खोलीत आईच्या मांडीवर मूल बसतं, बाजूला काळ्या काचेची पेटी असते, आवाज येतो आणि त्याचवेळी पेटीत दिवा लागून आतलं खेळणं नाचतं. दोन-तीनदा असं झालं की मुलाला कळतं आवाज आला की तिकडे बघायचं, गंमत दिसते. मग आधी फक्त आवाज द्यायचा आणि मुलाने वळून बघितलं तरच खेळणं दाखवायचं, आणि आवाज हळूहळू लहान करत जायचं. आमची पोरगी पहिल्यांदा त्या पेटीकडे स्वतःहून वळली तेव्हा बायको रडायलाच लागली, बाईंनी खुणेने सांगितलं की हलू नका, कारण आईच्या हलण्यावरूनही मूल ओळखतं. त्या दिवशी कळलं की तिला मध्यम आवाज पोचतात, फक्त शब्द ओळखू येत नाहीत, आणि आजूबाजूला गोंगाट असला की काहीच नाही. स्पीकरवरून केलेल्या टेस्टमध्ये फक्त चांगल्या कानाचं कळतं हे लक्षात ठेवा, एकेका कानाचं बघायचं तर कानात छोटे इअरफोन घालावे लागतात.

यावरून घरच्या टेस्टांबद्दल सांगायलाच हवं, टाळी वाजवणं, किल्ल्या हलवणं, पाठीमागून भांडं आपटणं. आम्ही सगळं केलं. बाळाची नजर कडेला हललेलं काहीही फार पटकन टिपते, टाळीचा वारा लागतो, सावली पडते, भांडं आपटलं की जमीन थरथरते, मूल वळतं आणि आपण म्हणतो ऐकू येतं. मँचेस्टरच्या यूइंग दांपत्याने १९४४ साली अशीच मागून आवाज करायची टेस्ट शास्त्रशुद्ध बसवली होती, एकाने पुढे बसून खेळण्यात लक्ष गुंतवायचं आणि दुसऱ्याने मागून बाजूला, कानाच्या उंचीवर, साधारण एक मीटरवरून आवाज करायचा, तिथे मागच्या माणसाने सावली पडू द्यायची नाही आणि अत्तरसुद्धा लावायचं नाही इतकी काळजी घ्यायचे. आणि इतकं करूनही त्यात चुका व्हायच्या. अमेरिकेत मॅरियन डाउन्स यांनी १९६० च्या दशकात डेन्व्हरमध्ये जन्मलेल्या बाळांना मोठा आवाज ऐकवून त्यांची हालचाल बघायची मोहीम काढली, त्यातूनही कळलं की नुसतं बघून खात्री होत नाही, बघणाऱ्याला जे हवं ते दिसतं. (या बाई १०० वर्षं जगल्या आणि त्यांच्या हयातीतच मशीनने होणारी टेस्ट कितीतरी देशांत प्रत्येक बाळाला मिळायला लागली, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.) ज्यांनी आयुष्य या कामात घालवलं त्यांना टाळीवर भरवसा ठेवता आला नाही तिथे आपण घरात कसा ठेवणार. बाळ हुंकार देतं, आवाज काढतं म्हणजे ऐकतंच असंही नाही, बहिरी बाळंसुद्धा पहिले काही महिने आवाज काढतात, पुढे बा-बा दा-दा सारखे अक्षरांचे आवाज यायची वेळ होते तेव्हा फरक दिसतो आणि तोवर बराच वेळ गेलेला असतो.

उलट बाजूही लिहायला हवी नाहीतर लोक विनाकारण घाबरतील. पहिल्या टेस्टमध्ये 'रेफर', म्हणजे पुन्हा तपासा, असं आलं म्हणून बाळ बहिरंच आहे असं नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या भोकात जन्माच्या वेळचा पांढरा थर अडकलेला असतो, पडद्यामागे पाणी असतं, खोलीत गडबड असते, अशा कितीतरी कारणांनी रेफर येतं आणि पुन्हा टेस्ट केली की बहुतेक बाळं पास होतात. कायमची कमी ऐकू येणारी बाळं हजारात १ ते ३ असतात. पण म्हणूनच तर दुसऱ्या टेस्टला जायचंच, कारण त्या १ ते ३ बाळांपैकी बहुतेक या रेफर आलेल्यांच्यातच बसलेली असतात आणि 'पाणी असेल, जाईल आपोआप' म्हणून घरी राहतात. महिन्याच्या आत पहिली तपासणी, ३ महिन्यांच्या आत पक्कं निदान आणि ६ महिन्यांच्या आत ऐकायचं मशीन किंवा जी काय मदत लागेल ती सुरू, असं ठरलेलं गणित आहे. १९९८ साली अमेरिकेत योशिनागा-इटानो यांच्या अभ्यासात दिसलं की ६ महिन्यांच्या आत ओळखलेल्या मुलांची भाषा नंतर ओळखलेल्यांपेक्षा स्पष्ट पुढे होती. आमचं निदान १४ महिन्यांना.

लवकर जाण्याचा अजून एक फायदा कुणी सांगत नाही तो सांगतो. बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं, जरा हललं की रेषा बिघडते. पहिल्या ३-४ महिन्यांत बाळ नैसर्गिक झोपेत असताना आरामात होते, टेस्टच्या आधी जागं ठेवायचं, तिथे जाऊन दूध पाजायचं, झोपलं की सुरू. आमच्या १४ महिन्यांच्या पोरीला झोपेचं औषध द्यावं लागलं, एकदा दिलं तर झोपलीच नाही, परत दुसऱ्या दिवशी जावं लागलं. आणि एक, बेरातही दोन प्रकार आहेत, स्क्रीनिंगची बेरा ठरावीक हळू आवाज देऊन, बहुतेक ३५ डेसिबल, नुसतं पास-रेफर सांगते, तर निदानाची बेरा वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळ्या आवाजावर करतात आणि त्याला बराच वेळ लागतो. कागदावर नुसतं बेरा लिहिलं असेल तर यातली कोणती तेही विचारा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पडद्यामागे पाणी आहे का ते बघायची जी टेस्ट असते तीही १००० हर्ट्झच्या स्वरावर करायची असते, मोठ्यांसाठीचा २२६ चा स्वर इतक्या लहान कानाला फसवतो.

आणि दोन्ही टेस्टा पास झाल्या तरी ते त्या दिवसाचं उत्तर आहे. घरात कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल, गर्भात सीएमव्ही नावाच्या विषाणूचं इन्फेक्शन झालं असेल तर ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं. मेंदूज्वर झाला असेल तर बरं वाटल्याबरोबर लगेच पुन्हा तपासायला हवं, त्यात उशीर झाला तर कॉक्लियात हाड भरत जातं आणि मग इम्प्लांट, म्हणजे कॉक्लियात बसवून नसेला थेट वीज देणारं यंत्र, बसवणं अवघड होतं.

माझी मुलगी आता ६ वर्षांची आहे. आधी मशीन लावून बघितलं, फार फरक पडला नाही, मग कॉक्लियर इम्प्लांट झालं, थेरपी अजून चालू आहे. बोलते, भांडते, शाळेत पहिल्या बाकावर बसते. तिच्या वयाच्या मुलांपेक्षा शब्द कमी आहेत आणि भरून निघताहेत.

साहेब, तुम्हाला एवढीच विनंती की त्या लेखावर पुढच्या आठवड्यात एक छोटी चौकट छापा. त्यात आईवडिलांनी डिस्चार्जच्या वेळी विचारायचे प्रश्न असू द्या, टेस्ट ओएई होती की बेरा, माझं बाळ ५ दिवसांपेक्षा जास्त एनआयसीयूत होतं तर बेरा झाली का, रक्त बदलण्याइतकी कावीळ झाली होती हे टेस्ट करणाऱ्यांना सांगितलंय का, पुढची तपासणी कधी. आणि टेस्टचं नाव त्या कागदावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या असंही छापा. जे डॉक्टर आणि नर्स हे वाचत असतील त्यांनाही हात जोडून सांगतो, 'पास'च्या आधी टेस्टचं नाव लिहा. चौकटीसाठी मजकूर लागला तर मी लिहून देईन, आमच्या ऑडिओलॉजिस्ट बाई तपासून द्यायला तयार आहेत, मी त्यांना आधीच विचारून ठेवलंय.

आपला नम्र,
एका सहा वर्षांच्या मुलीचा बाबा